गोधडीला किती टाके लागतात?

‘साशिको’ हा शब्द एव्हाना तुमच्या फीडवर एकदा तरी येऊन गेला असेल. निळ्या जीन्सच्या गुडघ्यावर पांढऱ्या दोऱ्याचे एकसारखे टाके, मागे संथ पियानो आणि खाली किटची लिंक. जपानी, मिनिमल, सस्टेनेबल वगैरे वगैरे. आता ती रील थांबवा आणि नीट झूम करून बघा. सुई वर येते, खाली जाते, पुन्हा वर येते. याला मराठीत धावदोरा म्हणतात. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात, दिवाणाच्या पोटात नाहीतर माळ्यावरच्या ट्रंकेत, याच टाक्यांनी भरलेली एक वस्तू घडी होऊन पडलेली आहे. तिचं किट मिळत नाही. तिचं नाव गोधडी.

गोधडीवर लिहायचं म्हटलं की लगेच ‘आजीच्या मायेची ऊब’ सुरू होते. ते आपण जरा बाजूला ठेवू या. माया असतेच हो. पण गोधडी मायेतून जन्मली नाही, ती टंचाईतून जन्मली. घरात माणसं आठ आणि धड पांघरुणं दोन, अशा घरात ती शिवली गेली. विकतचं पांघरूण परवडत नव्हतं आणि फेकून देण्याइतकं कापड घरात कधी नव्हतंच, म्हणून शिवली गेली.

तिची रचनाच बघा ना. नऊवारी लुगडं नेसून नेसून, धुऊन धुऊन विरलं की त्याचा धड राहिलेला भाग गोधडीच्या वर आणि खाली लागायचा. आठ मीटरच्या आसपास सुती कापड, तेही शेकडो धुण्यांनी मऊ पडलेलं, म्हणजे गोधडीचं भांडवलच. जे अगदीच फाटलं ते पोटात. धोतराचे तुकडे, सदऱ्याच्या पाठी, पोरांची झबली, जे अंगावर घालायच्या लायकीचं उरलं नाही ते सगळं आत. गोधडीच्या पोटात काय आहे ते बाहेरून दिसत नाही आणि दिसू नये अशीच सोय असते. वरचं लुगडं बऱ्यापैकी असलं की घराची अब्रू झाकली जाते.

नावंही भागाभागाप्रमाणे बदलतात. पश्चिम महाराष्ट्रात वाकळ म्हणतात, कर्नाटकाच्या सीमेकडे गेलात की कौदी ऐकू येतं, आणि छोटी करून बाळाला गुंडाळली की तीच दुपटं होते. गाडगेबाबा अंगावर ठिगळांचे कपडे घालून फिरायचे, तर काही भागांत लोक त्यांना गोधडेबुवा म्हणायचे, काही भागांत चिंधेबुवा. या शब्दांत तेव्हा कौतुक नव्हतं. गोधडी पांघरणं ही परिस्थिती सांगणारी गोष्ट होती, फॅशन सांगणारी नव्हती.

परिस्थिती कधीकधी सगळ्यांचीच बिघडते. १९४३ मध्ये, दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, सरकारने कापड आणि सुतावर नियंत्रण आणलं. पैसे असले तरी हवं तेवढं कापड मिळेल याची खात्री राहिली नाही. पुढचा मोठा फटका १९७२ चा. माझी आजी पारनेर तालुक्यातली. त्या दुष्काळात ती सतरा-अठरा वर्षांची होती आणि खडी फोडायच्या कामावर जायची. ‘मिलो’ आणि ‘सुकडी’ हे दोन शब्द ती अजूनही तोंड वाकडं करून उच्चारते. त्या वर्षी घरात नवं कापड आलं नाही. नवं आलं नाही म्हणजे जुनंही सुटं झालं नाही, आणि जुनं सुटं झालं नाही तर गोधडी कशाची शिवणार? तिने आणि तिच्या सासूने मग घरातली सर्वांत जुनी गोधडी घेतली आणि तिच्यावरच एक विरलेलं लुगडं अंथरून पुन्हा दोरा भरला. ती गोधडी आमच्या बदलापूरच्या घरात आहे. एका कोपऱ्यात वरचा थर फाटलाय, त्यातून आतल्या गोधडीचे टाके दिसतात. म्हणजे गोधडीच्या पोटात गोधडी.

आता तुम्ही विचाराल, मग हे बंद का पडलं? याचं उत्तर फार रोमँटिक नाही. एक तर साडी बदलली. सिंथेटिक साडी घाम शोषत नाही, घसरते, तिच्यात टाका नीट बसत नाही आणि ती लवकर विरतही नाही. दुसरी गोष्ट म्हणजे बोहारीण. जुन्या कपड्यांच्या बदल्यात स्टीलचं पातेलं मिळायला लागलं, आणि पातेलं हा चांगलाच सौदा होता. आपल्या आयांना उगाच दोष देऊ नका. तिसरं म्हणजे सोलापुरी चादर, आणि नंतर तो मऊ लुसलुशीत, वाघाचं नाहीतर गुलाबाचं चित्र असलेला ब्लँकेट. आणि चौथी गोष्ट म्हणजे जागा. वन-बीएचकेत पाच बाय सात फुटांचं कापड पसरून चार दिवस त्याच्यावर बसायचं कुठे?

आकडेमोड

या पानासाठी विषय ठरला तेव्हा मी आजीला म्हटलं, मला शिकव. तिने मोठी गोधडी साफ नाकारली. ‘आधी दुपटं कर, मग बघू.’ तर मी नव्वद सेंटिमीटर चौरसाचं दुपटं केलं. आईच्या दोन सुती साड्या, बाबांचा एक जुना लेंगा, पांढऱ्या जाड दोऱ्याची रिळं, अंगुस्तान आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. स्टॉपवॉच आजीला अजिबात आवडलं नाही.

गोधडी कडेने सुरू करतात. चारही बाजूंनी एक फेरी पूर्ण झाली की बोटभर आत सरकायचं आणि दुसरी फेरी, मग तिसरी, असं चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत. फ्रेम नसते, टेबल नसतं, आपण त्या कापडावरच बसलेलो असतो. कडा आधी पक्क्या झाल्या की कापड पळत नाही. सुरकुती आलीच तर ती तळव्याने आतल्या बाजूला सारत न्यायची, म्हणजे शेवटी मध्यभागी तिचा बंदोबस्त करता येतो. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडचे सिद्दी लोकही त्यांची कवंदी अशीच कडेकडून मध्याकडे नेतात. आफ्रिकी वंशाचा हा समाज, काही पिढ्यांपासून आपल्या शेजारच्या जंगलात राहणारा. कवंदीच्या चार कोपऱ्यांना ते कापडाचे त्रिकोणी घडीचे तुकडे लावतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. त्याशिवाय कवंदी उघडी वाटते, असं त्यांचं मत.

असो. दुपट्याला मला साडेदहा तास लागले. फेऱ्यांमधलं अंतर दोन सेंटिमीटर, म्हणजे एकूण शिवण साधारण ४० मीटर. म्हणजे माझा वेग तासाला चार मीटरच्याही जरा खाली. आता हाच हिशेब मोठ्या गोधडीला लावा. दीड मीटर बाय दोन मीटर दहा सेंटिमीटर. फेऱ्यांचं अंतर तेच. शिवण होते १५७ मीटर. एक टाका आणि त्याच्या पुढची मोकळी जागा मिळून एक सेंटिमीटर धरला तर साडेपंधरा हजारांहून जास्त टाके. माझ्या वेगाने चाळीस तास. यात कपडे धुणं, उसवणं, इस्त्री आणि तुकडे जोडणं धरलेलंच नाही.

आजीला हा आकडा सांगितला तर ती म्हणाली, ‘मोजत बसले असते तर झाली असती का शिवून?’ बरोबर आहे. पण मला वाटतं की तेव्हा कुणी मोजलं नाही म्हणूनच आज कुणी विचारतही नाही.

कारण आता हीच वस्तू ‘हँडमेड क्विल्ट’ नावाने विकायला आली आहे आणि किमती हजारांत आहेत. चांगलंच आहे ना! फक्त त्या हजारांतले किती रुपये टाके घालणाऱ्या बाईला मिळाले, हे टॅगवर कुठेही लिहिलेलं नसतं. दुसरीकडे आपल्या शेजारच्याच चाळीत किंवा सोसायटीत गोधडी शिवून देणाऱ्या मावशी असतात. कापड आपण द्यायचं, मजुरी नगावर ठरते. तिथे आपण काय करतो? ‘अहो ताई, जुन्याच कपड्यांची तर आहे’ म्हणून घासाघीस करतो. जुनं कापड फुकटचं असतं म्हणून चाळीस तासही फुकटचे, असं आपलं गणित. तासाला ५० रुपये धरले तरी मजुरी २००० रुपये होते. आणि सराईत हात माझ्या दुप्पट वेगाचा धरला तरी हजार. हे आकडे डोक्यात ठेवा आणि मग दर विचारा.

हे दुखणं फक्त आपलं नाही. १९३३ साली, अमेरिका महामंदीत बुडालेली असताना, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सिअर्स या कंपनीने देशभरासाठी क्विल्टची स्पर्धा जाहीर केली. पहिलं बक्षीस हजार डॉलर. त्या काळात हजार डॉलर म्हणजे माणसं वेडी व्हायची बाकी होती. चोवीस-पंचवीस हजारांच्या घरात क्विल्ट आल्या. केंटकी राज्यातल्या मार्गारेट केडन नावाच्या बाईंना पहिलं बक्षीस मिळालं आणि ती क्विल्ट राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रुझवेल्ट यांना भेट दिली गेली. बाईंनी त्या क्विल्टला स्वतः एकही टाका घातला नव्हता, हे पुढे उघड झालं. किरकोळ मजुरीवर दुसऱ्या बायकांकडून करून घेतली होती, आणि बक्षिसातला हिस्सा त्या बायकांपर्यंत पोहोचला नाही.

त्याच मंदीत अमेरिकेच्या खेड्यांतल्या बायका पिठाच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या सुती पोत्यांचे कपडे शिवत होत्या, उरल्यासुरल्याच्या क्विल्ट करत होत्या. पोती विकणाऱ्यांच्या हे लक्षात आलं तेव्हा त्यांनी पोत्यांवर चक्क फुलाफुलांची छपाई सुरू केली, म्हणजे बाई पीठ घेताना पोतं बघून घेईल. गरिबीतही मार्केटिंग शोधणारी डोकी तेव्हाही होतीच.

जीज् बेंडच्या बायका

एक नाव मात्र सर्च करून फोटो बघाच: जीज् बेंड. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणातली कृष्णवर्णीयांची छोटी वस्ती. कापसाच्या मळ्यांवर गुलाम असलेल्यांचे वंशज. तिथल्या बायका शेतात घालून झिजलेल्या पँटी, शर्ट, एप्रन यांच्या क्विल्ट करायच्या, कारण घराच्या भिंतींतून वारा यायचा. १९४२ मध्ये मिसूरी पेटवे या बाईंनी नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची क्विल्ट केली. त्याची आठवण राहावी आणि ती अंगावर घेता यावी म्हणून. फोटोत बघितलीत तर गुडघ्याच्या जागी झालेले गडद-फिके डाग दिसतात. आपल्याकडे गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवायचे की देऊन टाकायचे यावर किती वाद होतात, ते आठवा.

पुढे १९६६ मध्ये नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात तिथल्या परिसरातल्या बायकांनी स्वतःची सहकारी संस्था काढली, ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’. १९७२ मध्ये, म्हणजे इकडे आजी खडी फोडत होती त्याच वर्षी, या संस्थेला उशांची कॉर्ड्युरॉयची कव्हरं शिवायचं कंत्राट मिळालं. देणारी कंपनी कोण? तीच ती सिअर्स. कव्हरं कापून उरलेल्या कॉर्ड्युरॉयच्या चिंध्या बायकांनी घरी नेल्या आणि त्या चिंध्यांतून त्यांच्या सर्वांत देखण्या क्विल्टपैकी काही झाल्या. २००२ मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन ह्यूस्टनच्या संग्रहालयात भरलं, तिथून न्यूयॉर्कला गेलं, २००६ मध्ये टपाल तिकिटं निघाली. आणि २००७ मध्ये त्यातल्या काही जणी कोर्टात गेल्या. आमच्या क्विल्टमधून जे पैसे मिळाले त्यात आम्हाला न्याय्य वाटा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी तडजोड झाली. म्हणजे कला म्हणून भिंतीवर लागल्यावरसुद्धा मजुरीचा प्रश्न तिथेच.

कारखान्याचं उरलेलं कापड हा मुद्दा वाचून तुमच्या डोळ्यासमोर एक गाव आलं असेल. नसेल आलं तर तुम्ही आमच्या लाइनवर राहत नाही.

मेड इन यूएसए

‘मेड इन यूएसए’, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. हा जोक जुना आहे, पण उल्हासनगरकडे असं हसून बघणाऱ्यांना त्याची सुरुवात माहीत नसते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या छावणीत ठेवलं, जवळजवळ लाखभर माणसं. बराकीच्या एका हॉलमध्ये अनेक कुटुंबं आणि मध्ये आडोसा गोणपाटाचा नाहीतर साडीचा. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचं उल्हासनगर असं नामकरण झालं, पण लोकांच्या तोंडी पत्ता अजून ‘कॅम्प नंबर’नेच असतो. ज्यांच्याकडे पांघरायला नव्हतं, त्यांनी कापडाचीच बाजारपेठ उभी केली. गजानन मार्केट, जपानी बाजार इथे तुम्ही लग्नाच्या खरेदीला गेला असालच.

सिंधची स्वतःची गोधडी आहे, रल्ली. सिंधीत मिसळणे, एकत्र करणे या अर्थाच्या क्रियापदावरून हे नाव आलं असं सांगतात. ती मुख्यतः खेड्यापाड्यातली, हिंदू आणि मुसलमान दोन्हींकडच्या बायकांची. जुन्या कापडाचे थर तेच, धावदोरा तोच. पण रल्लीचा वरचा थर रंगीत तुकड्यांच्या भूमितीचा असतो, चौकोन-त्रिकोण जोडून किंवा कापलेली नक्षी वर शिवून, आणि टाके फेऱ्यांत नाही तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रांगांत जातात. साधू-फकिरांच्या नावाची ‘सामी रल्ली’ तर पूर्ण टाक्यांनीच भरलेली असते. मुलीच्या लग्नात रल्ल्या द्यायची तिथे रीत. कॅम्पातली तुमची सिंधी मैत्रीण असेल तर तिच्या दादीला ‘रल्ली’ एवढा एकच शब्द म्हणून बघा. पुढचा तासभर तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

आता चिंध्या. कॅम्प पाच आणि आसपास जीन्स शिवणारे कारखाने आहेत. कटिंगच्या टेबलावर कापडाचे थर एकावर एक रचून एकदम कापतात, त्यात नमुन्यांच्या मधल्या जागेचं कापड वाया जातं. लांबट पट्ट्या, केळीच्या पानाच्या टोकासारखे तुकडे, तळव्याएवढे त्रिकोण. ही चिंधी किलोवर विकली जाते. नव्या कोऱ्या डेनिमची चिंधी! जीज् बेंडच्या बायकांनी बघितली असती तर पोतंच उचललं असतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण ‘अपसायकल करा, नदी वाचवा’ टाइप पोस्ट मी बघितल्या आहेत. अंबरनाथच्या शिवमंदिराला, १०६० सालच्या त्या दगडी मंदिराला, लागून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरातून जाते. तिची जी अवस्था झाली त्यात कारखान्यांचं रसायन आणि जीन्स धुण्याचं रंगीत पाणी यांचा मोठा हात आहे, आणि ते प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. नदी चिंध्यांनी निळी झाली नाही. त्यामुळे चार तुकडे जोडून गोधडी केली तर वालधुनी साफ होणार नाही. तुम्हाला एक पांघरूण मिळेल. तेवढंच पुरेसं कारण आहे.

करून बघायचीय?

तर सुरुवात मोठ्या गोधडीने करू नका, या बाबतीत आजीचं ऐका. दुपटं करा. ओळखीत कुणाकडे बाळ येणार असेल तर उत्तमच. नव्या बाळाला जुन्या धुतलेल्या कापडातच गुंडाळतात ते उगाच नाही, नवं कापड कडक असतं. साडी सुतीच हवी. सुती आहे की नाही कळत नसेल तर पाण्याचा थेंब टाका, पटकन जिरला तर सुती. थेंब वर बसून राहिला तर ती साडी बोहारणीला द्या, पातेलं घ्या.

कापड धुऊन, कडक उन्हात वाळवून, शिवणी आणि काठ उसवून घ्या. काठाची जाड किनार आत गेली तर सुई तिथे अडते आणि बोटाला लागते. जमिनीवर खालचा थर पसरा, चार कोपऱ्यांवर डबे ठेवा, त्यावर मधले तुकडे एकमेकांवर न चढवता शेजारी शेजारी लावा, वर वरचा थर. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळं टाचून घ्या. हे टाचणं कंटाळवाणं आहे, आणि नेमकं तेच टाळावंसं वाटतं. टाळू नका. एकदा टाचलं की मग गोधडी घडी करून पिशवीत टाकता येते. आमच्या बदलापूर लोकलच्या लेडीज डब्यात बायका भाजी निवडतात, तिथे दुपट्याची एक फेरी सहज होते. अर्थात बसायला मिळालं तर, तेव्हा उलट्या दिशेची, सकाळी कर्जतकडे जाणारी गाडी पकडा!

दोरा हातभरच ओवा. लांब घेतला की वेळ वाचेल असं वाटतं, पण तो गुंततो. जुन्या काळी दोराही विकत आणत नसत, लुगड्याच्या काठातले धागे ओढून काढायचे. तुम्ही रीळ आणा.

डेनिमची करायची असेल तर पद्धत वेगळी. रंग जातो, म्हणून तुकडे आधी दोनदा तरी धुवा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात चादरीपासून बनियनपर्यंत सगळं आकाशी होईल. स्ट्रेच डेनिम आणि साधं डेनिम एकत्र जोडू नका, धुतल्यावर एक आखडतं, दुसरं फुगतं. तुकडे मशीनवर जोडा, हाताने डेनिमला डेनिम जोडायचं धाडस करू नका. खाली एक जुनी सुती साडी, पोटात काहीही नाही, डेनिमचंच वजन भरपूर होतं. आणि धावदोऱ्याऐवजी चार-चार बोटांवर जाड दोऱ्याच्या गाठी मारा. ही पांघरायला जड होते, पण गच्चीवर, ट्रेकला, नाहीतर जिममधून दमून आल्यावर फरशीवर अंथरायला झकास.

मावशींकडून करून घेणार असाल तर दोन कामं तुमची. कपडे धुऊन, उसवून, बटणं-चेन काढून द्या, हा वेळ त्या कधीच मजुरीत धरत नाहीत. आणि दर ठरवताना फेऱ्यांचं अंतर विचारा. बोटभर अंतराची गोधडी आणि चार बोटं अंतराची गोधडी यात टाके चौपट कमी-जास्त होतात, म्हणजे दरही बदलायला हवा. बऱ्याच ठिकाणी दोन्हींना एकच दर दिला जातो.

आणि ट्रंकेतल्या जुन्या गोधडीचं काय? तिला वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, भिजली की तिचं वजन इतकं वाढतं की दोघांना उचलावी लागते, आणि विरलेला थर गरगर फिरून फाटतो. खेड्यांत नवरात्राच्या आधी, घट बसायच्या आत, घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर न्यायची पद्धत आहे, ती त्याचसाठी. पाऊस ओसरलेला असतो, वाहतं पाणी असतं, ऊन कडक असतं आणि आपटायला दगड असतात. आपल्याकडे बाथरूम आणि गच्ची. टबात भिजवून पायाने तुडवा, पिळू नका, तशीच निथळत ठेवा आणि मग कठड्यावर दुहेरी टाका. दुपारी एकदा उलटायची. आमची ती दोन पोटांची गोधडी वाळायला तीन दिवस लागतात. सध्या तिचा तो फाटलेला कोपरा मी आईच्या दुसऱ्या साडीच्या उरलेल्या तुकड्याने झाकायला घेतलाय. आजी समोर बसून फेऱ्यांचं अंतर बघत असते. स्टॉपवॉच तिने काढून घेतलंय.